एकोणिसावी सही

दवाखान्याला टाळं लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी शिंपीमास्तर, गळ्यातली टेप काढायचंही भान न राहता, वॉर्ड कचेरीत जाऊन धडकले. आईच्या पायाची जखम रोज धुवावी लागे. गल्लीच्या टोकाचा सरकारी दवाखाना बंद, म्हणजे पंच्याहत्तरीच्या बाईला दोन बस बदलून नेणं आलं.

"कुणी बंद केला दवाखाना?" त्यांनी टेबलावर हात आपटला.

"तुम्हीच," कारकून मान वर न करता म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"माझं आहे." त्याने रजिस्टर उघडून पुढे सरकवलं. "वॉर्ड सभेचा ठराव. रुग्ण कमी, सबब दवाखाना बंद करावा. सर्वानुमते मंजूर. खाली सह्या आहेत. एकोणिसावी बघा."

एकोणिसावी सही मास्तरांचीच होती. शेजारी निळा अंगठाही उमटला होता, कापडावर खुणा करायच्या खडूचा. नाकारायला जागाच नव्हती.

त्यांना ती दुपार आठवली. चाळीस सह्यांशिवाय सभा भरली असं धरत नसत, आणि सभेला तर कुणीच जात नसे. म्हणून शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरे आणि हजेरीच्या सह्या गोळा करी. मास्तर तेव्हा बाही कापत होते. वरचा अर्धा कागद कोरा होता. तिथं काय लिहिणार, हे त्यांनी विचारलंही नव्हतं.

घरी येऊन ते कचेरीच्या नावाने बोटं मोडू लागले. "चोर आहेत सगळे. फसवलं मला."

आई काज करत होती. तिने सुई कापडात खोचली. "हात धरून करवून घेतली का सही?"

"अगं, सगळेच करतात."

"माप न घेता कापड कापतोस कधी? मग कोऱ्या कागदावर सही करताना तुझं शहाणपण कुठं गेलं होतं? आणि मीही इथंच बसले होते की, गप्प! त्याचाच संताप येतो. राजकारण घाणेरडं म्हणत आपण सगळे लांब राहिलो. मग ज्यांना घाणीचं काही वाटत नाही, तेच तिथं उरले."

"आता बोलून काय उपयोग?"

"पाय माझा सडतोय, आणि उपयोग तू विचारतोस?"



पुढच्या गुरुवारी शिपाई पुन्हा आला. वरचा अर्धा कागद पुन्हा कोरा.

"कशाबद्दल आहे हे?" मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

शिपाई चपापला. "दवाखान्याची इमारत गोदामाला द्यायची म्हणतात. मी आपला हुकमाचा ताबेदार."

इमारत गेली की दवाखाना कायमचा गेला.

"सही सभेत करीन. वाचून करीन."

मास्तरांनी दुकान बंद केलं आणि शिपायाच्या आधी एकेक दार गाठलं. घरात सही करू नका, पाच वाजता सभेला या. काहींनी तोंडं वाकडी केली. सलूनवाला हसला. "मास्तर, निवडणुकीला उभे राहताय की काय?"

"नाही रे, सभेत बसायला चाललोय. तूही चल."

सभेच्या खोलीत खुर्च्या पाचच होत्या. तेवढ्याच लागत असत. त्या दिवशी बावन्न माणसं आली आणि बहुतेक उभीच राहिली. आई सलूनवाल्याच्या खांद्याचा आधार घेत आली. अध्यक्षांनी ठराव भराभर वाचला आणि सवयीने म्हणाले, "सर्वानुमते मंजूर."

"नाही!" मास्तरांचा आवाज चिरकला.

"कुणाकुणाचा विरोध आहे?" अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं.

"माझा," म्हणत आईने पट्टी बांधलेला पाय पुढे केला. सलूनवाल्याने हात वर केला. मग मागून एकेक हात वर येत गेला आणि मोजता मोजता कारकुनाचा घोळ झाला.

ठराव पडला. दवाखान्याचं टाळं मात्र अजून तसंच आहे. ते उघडण्याचा ठराव पुढच्या सभेत मास्तर मांडणार आहेत. त्या संध्याकाळी रजिस्टर समोर आलं, तेव्हा त्यांनी प्रत्येक ओळ वाचली, खडूने माखलेला हात पुसला आणि मगच सही केली.

नागरिकहो, मत देऊन पाच वर्षं घरी बसणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणंच आहे. त्यावर कुणीतरी काहीतरी लिहितंच, आणि खाली नाव आपलं असतं. पुढची सभा कधी आहे, ते आजच विचारून या.