छत्री चढेपर्यंत हलायचं नाही

मी एक जुना लाकडी ट्रायपॉड आहे आणि आत्ता मला हलायचं नाही.

मित्रांनो, आपली कहाणी सांगण्याआधी माणूस घसा खाकरतो, मांडी बदलतो. मला तेवढंही करता येणार नाही. माझ्या डोक्यावर पेटीचा जुना कॅमेरा आहे. त्याच्या मागे काळ्या कापडात डोकं खुपसून शरदिनी उभी आहे. समोर रामनगरचा एक तलाव आहे. इथले लोक त्याला पोखरा म्हणतात. त्याच्या काठावर एक दगडी छत्री आहे, म्हणजे पाऊण आहे. उरलेली खाली गवतात पडली आहे. ती आज संध्याकाळपर्यंत वर चढली नाही, तर ते दगड नव्या रस्त्याच्या भरावात जातील.

मी केसभर सरकलो तर ती चढणार नाही. का, ते सांगतो. पण मध्ये मध्ये थांबेन. दगड हवेत असला की मी बोलत नाही.

तर माझा जन्म बनारसचा. सागवान कुठल्या रानातलं ते

थांबा. हायड्राने दगड उचलला.

(ती पिवळी, बुटकी क्रेन. तिला इथे हायड्रा म्हणतात.)

बसला.

सागवान कुठल्या रानातलं ते आठवत नाही. लाकडाला झाडपणीचं काही आठवत नसतं. एका सुताराने माझे तीन पाय तासले, ठठेरी बाजारातल्या कारागिराने पितळेच्या कड्या बसवल्या. मग दूधविनायकातले वेणीमाधव फोटोवाले आले. त्यांनी मला उभं केलं आणि दोन्ही हातांनी आपला सगळा भार माझ्यावर टाकला. मी डगमगलो नाही. ‘हा स्टँड नव्हे, पंतोजी आहे,’ ते म्हणाले. ‘स्वतः एका जागी उभा राहील आणि सगळ्यांना नीट उभं करेल.’

त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

आठवडाभर आम्ही स्टुडिओत असायचो. मुंज झालेले बटू, लग्न ठरायच्या मुली, काशीयात्रेला आलेली आणि घाटाच्या पायऱ्यांनी दमलेली जोडपी. सुटीच्या दिवशी मात्र वेणीमाधव मला खांद्यावर टाकून पंचगंगा घाटावर उतरायचे आणि नावेने गंगेपलीकडे रामनगरला यायचे. या तलावाभोवतीच्या हवेल्या, त्यांचे झरोके, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, कोपऱ्यावरची ही छत्री, सगळ्यांचे फोटो काढायचे. नावाडी हसायचा. ‘पंडितजी, आदमी छोड़ के पत्थर का फोटू?’

‘आदमी तो खुद चलकर स्टुडिओ आता है,’ वेणीमाधव म्हणायचे. ‘पत्थर के पास हमको आना पड़ता है।’

मग मोबाइल आले. माणसांनी स्टुडिओत येणं सोडलं. हात लांब करून ती आपापले फोटो काढू लागली. वेणीमाधव गेले, स्टुडिओला कुलूप लागलं आणि मी घराच्या गच्चीवर गेलो. वेणीमाधवांचा मुलगा देवव्रत पौरोहित्य करतो. त्याला माझे फाकलेले पाय पाहून एकच गोष्ट सुचली. तो माझ्यावर आपलं सोवळं वाळत घालू लागला.

तक्रार म्हणून सांगत नाही. धोतर वाळवणंही काम आहे. पण ओलं कापड आणि वरून ऊन, यात माझा उजवा पाय गुडघ्यापासून खाली तडकला. त्यात एकदा माकडांनी मला कठड्यावरून

थांबा.

दगड हवेत आहे. गोपीनाथ मिस्त्री हात वर करून हायड्रावाल्याला खुणा करतो आहे. धीरे. और. बस.

कापडाच्या आतून शरदिनी म्हणाली, ‘ज़रा बाएँ.’ गोपीनाथने पहार लावली. ‘बस.’

बसला.

कठड्यावरून ढकललं, पण ते जाऊ द्या. आता शरदिनी आत काय पाहते ते सांगतो. कॅमेऱ्याच्या मागे दुधी काच असते आणि समोरचं दृश्य तिच्यावर उलटं पडतं. छत्री खाली डोकं वर पाय, तलाव आकाशात. मागच्या हिवाळ्यात, छत्री उतरवण्याआधी, शरदिनीने याच कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला होता. रस्ता रुंद होणार होता आणि छत्री वाटेत येत होती. शरदिनी, म्हणजे देवव्रतची थोरली बहीण, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. अर्ज करून, दारं ठोठावून, साहेबांच्या पायऱ्या झिजवून तिने छत्री पाडण्याऐवजी उतरवून थोडी मागे उभी करण्याची परवानगी मिळवली. तेव्हाच तिने मला गच्चीवरून खाली आणलं. ‘बाबांचा स्टँड’ म्हणून माझ्या कड्यांना लिंबू लावलं, तडकलेल्या पायाला तार गुंडाळली.

आज त्या फोटोतल्या सगळ्या रेघा तिने पारदर्शक कागदावर उतरवून तो कागद दुधी काचेवर चिकटवला आहे. दगड आपल्या जुन्या जागी बसला की तो कागदावरच्या रेघेखाली येतो. नाही बसला तर बाहेर डोकावतो. छत्री जितकी मागे गेली, तितकंच मोजून मलाही मागे उभं केलं आहे. म्हणून मी हललो, की सगळ्या रेघा खोट्या.

‘पण दगडांवर नंबर टाकले नव्हते का?’ असं तुम्ही विचाराल.

टाकले होते. गेरूने, शरदिनीच्या सुबक अक्षरात. तीन बाजू त्याच नंबरांवर चढल्या. उरली तलावाकडची, सगळ्यात जास्त नक्षीची. आणि काल देवव्रत आला.

आज छत्री पुरी करायचा मुहूर्त होता ना. त्याने गवतातले दगड पाहिले. त्यांवर कुत्री झोपली होती, मजूर चपला घालून बसले होते. या छत्रीत पादुका आहेत. त्याचं मन मानेना. त्याने कमरेला पंचा खोचला, तलावातून घागरी आणल्या आणि काथ्याने घासघासून एकूण एक दगड धुतला. गोपीनाथ मिस्त्रीने भक्तिभावाने पाणी ओतलं. दोघांनाही फार बरं वाटलं.

आज सकाळी शरदिनी आली. दगड लख्ख होते.

‘नंबर कुठे गेले?’ ती म्हणाली.

देवव्रत आधी हसला, मग थांबला. ‘ताई, मी वाईट काही नाही गं केलं. शुद्धी केली.’

‘शुद्धी.’

‘कुत्र्यांनी घाण केली होती. आता पादुकांवर तसेच दगड—’

‘त्याच पाण्यात अक्कलही धुतलीस का?’

‘दीदी, पानी हम डाले थे,’ गोपीनाथ म्हणाला. त्याने मान खाली घातली होती.

रस्त्याचे साहेब तेवढ्यात मोटारीतून उतरले. त्यांनी सगळं ऐकलं. रागावले नाहीत, तेच वाईट होतं. ‘मॅडम, हमने बहुत दिन दिए. आज शाम को हायड्रा दूसरी साइट पर जाएगा. तब तक जो चढ़ गया सो चढ़ गया. जो नीचे रहेगा, भराव में जाएगा. मेरे ऊपर भी लोग हैं.’

शरदिनीने पिशवीतून फोटो काढले आणि गवतात बसली. ती आणि गोपीनाथ एकेका दगडापुढे फोटो धरून त्याचे व्रण शोधू लागले. याची कड उडालेली, याच्या कमळाला एक पाकळी कमी, याच्या पोपटाची चोच तुटलेली. छज्जा पेलणारे नक्षीदार दगड असतात, त्यांना तोडे म्हणतात. लांबून सगळे जुळे भाऊ. पण हाताने घडवलेला प्रत्येक तोडा आपल्याच खाचेत बसतो. दुसऱ्याच्या जागी ठेवला, तर त्यावरची छज्ज्याची फरशी अधांतरी राहते आणि कधीतरी कुणाच्या तरी डोक्यावर येते. ओळखलेला दगडही वर बसवताना पुन्हा तपासायला हवा. त्यासाठी मी.

मी उभा राहिलो. पहिले काही दगड नीट गेले. मग पछुआ सुटली.

चैत्रात इकडे हा पश्चिमेचा कोरडा वारा सुटतो. कॅमेऱ्याचं काळं कापड शिडासारखं फुगलं. त्या ओढीने माझ्या उजव्या पायाची चीर उघडली. तार सैल झाली. कट्, असा अगदी बारीक आवाज आला.

शरदिनीने ऐकला. ती कापडातून हळूच बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, पण मला हात लावला नाही.

‘देवव्रत. इकडे ये. पळत नको, चालत ये. रुद्राच्या अनुष्ठानाला तू किती वेळ एका जागी बसतोस?’

‘आवर्तनं संपेपर्यंत.’

‘बस इथे. हा पाय दोन्ही हातांनी धर. आवळू नकोस, ढकलू नकोस, आहे तसा धर. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही.’

देवव्रत मातीत बसला. पद्मासन घातलं आणि माझा पाय धरला. मित्रांनो, माझ्यावर त्याने आजवर फक्त धोतरं टाकली होती. त्याचे हात मला प्रथमच लागले. गरम होते, आणि स्थिर. मग माझ्या लाकडात काहीतरी गुणगुणू लागलं.

‘काय करतोस?’ शरदिनी आतून म्हणाली.

‘रुद्रातला नमक म्हणतोय. त्याशिवाय मला इतकं स्थिर बसता येत नाही.’

‘काच थरथरतेय. मनात म्हण.’

थांबा. दगड.

बसला.

थांबा.

बसला.

ऊन कललं. हायड्रावाला घड्याळ पाहू लागला. आता मधला एक तोडा उरला आणि त्यावरची फरशी. तोडा वर गेला, खाचेपाशी आला आणि अडला. गोपीनाथने पहार लावली, लाकडी मोगरीने ठोकलं.

‘दीदी, ई बैठ नहीं रहा है.’

शरदिनीने पुन्हा काच तपासली. काचेवर पोपटाची चोच रेघेबाहेर होती, बोटभर.

‘ज़रा सा छील दें?’ गोपीनाथने छिन्नी हातात घेतली. ‘पीछे से. किसी को दिखेगा नहीं.’

‘छील दो, बैठा दो,’ साहेब म्हणाले. ‘मॅडम, आपका स्टँड भी तो पुराना है. वही हिल गया होगा.’

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी हललो नव्हतो. हे मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं. मित्रांनो, निमूटपणे उभं राहणाऱ्याला एवढंच दुःख असतं. त्याच्यावर आळ आला की त्याची बाजू दुसऱ्याला मांडावी लागते.

शरदिनी कापडातच होती. तिने हळूहळू श्वास सोडला. ‘देवव्रत, तू हललास?’

‘नाही.’

‘खरं सांग.’

‘माशी नाकावर बसली होती, ताई. तिलाही मी काही केलं नाही.’

ती काचेवर एकेक दगड तपासू लागली. डावीकडचा, रेघेखाली. त्याच्या शेजारचा, रेघेखाली. कोपऱ्यातला, रेघेखाली. मी सरकलो असतो, तर सगळेच सरकले असते. मग तिची नजर मघाशी बसवलेल्या एका तोड्यावर थांबली. तो रेघेच्या जरासा आत होता. फोटोत तिथे सावली होती. मघाशी ‘चालेल’ म्हणून तिने तो बसवू दिला होता.

ती बाहेर आली. कापडाने केस विस्कटले होते.

‘गोपीनाथजी, वो वाला उतारना पड़ेगा. ये उसकी जगह का है, वो इसकी जगह का.’

‘उसके ऊपर पटिया रख दी है, दीदी. पटिया भी उतरेगी. फिर टाइम कहाँ है?’

‘और उतारने के बाद नहीं बैठा तो?’ साहेबांनी विचारलं. ‘तब तो जो चढ़ा है वो भी जाएगा.’

शरदिनीने मातीत बसलेल्या भावाकडे पाहिलं. त्याचे हात पांढरे पडले होते. ‘स्टँड नहीं हिला है,’ ती म्हणाली. ‘उतारिए.’

फरशी उतरली. तोडा उतरला. छत्रीच्या त्या बाजूला आता दोन भोकं होती. हायड्रावाल्याने इंजिन बंद करायला किल्लीवर हात ठेवला, गोपीनाथने त्याच्याकडे पाहिलं, त्याने हात काढून घेतला. वारा

वारा पुन्हा

थांबा

देवव्रतची बोटं माझ्या चिरेवर. लाकूड आतून उकलतंय. अजून नाही. अजून

दगड हवेत

‘बाएँ.’

अजून नाही

‘बस.’

तोडा खाचेत गेला, ठोकावं न लागता. दुसराही गेला. गोपीनाथने मोगरी खाली ठेवली आणि कानाला हात लावला. मग दोन्ही फरश्या वर गेल्या आणि शेजारी शेजारी बसल्या.  शरदिनीने बराच वेळ डोकं आतच ठेवलं. कापड हलत होतं, पण आता वारा पडला होता.

हायड्रा निघून गेला. साहेब मोटारीत बसताना म्हणाले, ‘एक फोटो हमको भी भेज दीजिएगा.’

शरदिनीने आधी कॅमेरा माझ्या डोक्यावरून उतरवला, छातीशी धरला आणि मग म्हणाली, ‘सोड.’

देवव्रतने हात काढले. माझा उजवा पाय उभा चिरला आणि मी गवतात आडवा झालो. देवव्रतलाही उठता येईना, त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. आम्ही दोघं शेजारी शेजारी पडून राहिलो.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘याला आता घरी नेऊन देवघराशेजारी ठेवू. रोज गंध लावीन. दसऱ्याला पूजा.’

‘आधी सुताराकडे ने,’ शरदिनी म्हणाली. ‘आणि त्याला धुऊ नकोस.’

मित्रांनो, मलाही हेच मागायचं आहे. मला हळदकुंकू नको. एक नवा पाय द्या, सागवानी नसला तरी चालेल. पडून असताना मला तलावाचा पलीकडचा काठ दिसत होता. तिथल्या हवेलीच्या भिंतीवर रस्तेवाल्यांनी लाल फुली मारली आहे. तिचे झरोके अजून शाबूत आहेत, आणि वेणीमाधवांनंतर त्यांचा फोटो कुणी काढलेला नाही.