सतरंजीवरचा समभाव

मित्रांनो, माझे निळे-तांबडे पट्टे आता कुणाला ओळखू येणार नाहीत; पण एके काळी मी वाशीतल्या एका सोसायटीची मानाची सतरंजी होते. तुरुंगातल्या मागावर जन्मठेपेच्या एका कैद्याने मला विणले. तो फारसा बोलत नसे. पुढे माझ्यावर जे बसले, ते बोलण्याखेरीज काहीच करत नसत.

१९७९ साली मला या नव्या वसाहतीत आणले. दर रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या खोलीत मला अंथरत आणि माझ्यावर 'सर्वधर्म विचार मंडळ' भरे. जगात इतके धर्म आहेत, तर खरा कोणता? पोहे-चहा झाला की हा प्रश्न सोडवायला मंडळी सज्ज होत.

बंडूनाना मांडीवर थाप मारून म्हणत, "खरा धर्म एकच, आपला. बाकीची वाट चुकलेली माणसं."

श्यामसुंदरराव निवृत्त मास्तर. ते हसून म्हणत, "नाना, असं तोडून बोलू नये. त्यांचंही खरंच आहे. आपल्याकडेच येताहेत ते, फक्त त्यांना अजून कळलेलं नाही." घर दुसऱ्याचे आणि पाटी आपली, असा तो मोठेपणा!

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी सुधीरराव टाळ्या मिळवत. "अहो, सगळे धर्म एकच! उगाच टेन्शन कशाला घेता?" त्यांना एकाही धर्माची धड माहिती नव्हती. सगळे एकच म्हटले की माहिती करून घ्यायला नको, एवढाच त्यांचा समभाव.

दाराबाहेर वॉचमन बाबू सगळ्यांच्या चपला राखत बसे. सहा वर्षांत त्याला कुणी 'आत ये' म्हटले नाही. खाडीकाठच्या गावातली चंद्राबाई मासळीची पाटी घेऊन येई, ती तेवढी त्याच्याजवळ टेकून सुखदुःखाचे बोले.

१९८५च्या मे महिन्यात, एका रविवारी मंडळाच्या वेळेलाच बाबू जिन्यात कोसळला. डॉक्टर येईपर्यंत सारे संपले होते. त्याला उचलून माझ्यावर ठेवले. तो माझ्यावर पहिल्यांदा टेकला, तो असा.

आता याला जाळायचे की पुरायचे? सर्व धर्मांचा निकाल लावणाऱ्या त्या विद्वानांपैकी एकालाही बाबूचा धर्म ठाऊक नव्हता.

बंडूनाना म्हणाले, "आधी तो कोण ते कळू द्या. आपला नसेल तर मी हात लावणार नाही." बोलणे कठोर होते, पण निदान त्यांना विचारावेसे तरी वाटले.

"कुणी का असेना, अंतर्यामी तो आपलाच," श्यामसुंदरराव म्हणाले. "अग्नी सर्वांना पावन करतो. लाकडं सांगा."

सुधीररावांनी घड्याळ पाहिले. "करेक्ट. सगळं एकच आहे. ऊन वाढतंय, उरकून घेऊ."

श्यामसुंदरराव गंध घेऊन बाबूच्या कपाळाकडे वाकले, इतक्यात चंद्राबाई दारात आली. तिने पाटी धाडकन खाली ठेवली.

"हात मागं घ्या, मास्तर! काय करताव? तो याकूब हाय."

"कोण याकूब?" सुधीरराव म्हणाले.

"ह्योच, तुमचा बाबू. पैल्या दिशी तुमालाच नाव सांगितलं त्यानं. तुमी बोललाव, बाबूच बरा, हाक मारायला सोपा."

सुधीरराव माझ्यावरच उभे होते. ते दोन पावले मागे सरून माझ्यावरून खाली उतरले.

"पण तो कधी काही बोलला नाही!" श्यामसुंदरराव पुटपुटले.

"तुमी इचारलाव कदी? मी त्याला माझ्या एकवीरा आईची जत्रा सांगितली, त्यानं मला त्याचे रोजे सांगितले. तो बोलायचा, चंद्राबाई, मेलो तर मला मातीत ठेवा. त्यात कसलं आलंय एकच? मी मेले तर मला चितेवर जाला, त्याला मातीत ठेवा. मला माझी आई खरी, त्याला त्याचा अल्ला. तिकडं पावने गावच्या कारखान्यात त्याचे गाववाले हायेत. त्यांना घेऊन येते, तवर कोनी हात लावू नका!"

पाटी तिथेच टाकून ती रिक्षा शोधायला धावली. दुपारी गाववाले कामाच्या कपड्यांतच आले. बंडूनानांनी प्रेताला हात लावला नाही, पण आंघोळीच्या पाण्याच्या बादल्या स्वतः भरून दिल्या. श्यामसुंदररावांच्या बोटांवरचे गंध वाळून गेले. याकूबला त्याच्या माणसांनी खांद्यावर नेले. चंद्राबाईची मासळी उन्हात सडली. ती सावलीत सरकवावी, एवढे ज्ञान मंडळात कुणाला नव्हते.

पुढच्या रविवारी मंडळ पुन्हा भरले. बंडूनाना आले नाहीत. सुधीररावांनी शोकठराव लिहिला, श्यामसुंदररावांनी तो गहिवरून वाचला: 'कैलासवासी बाबू यांच्या आत्म्यास शांती लाभो.' सगळे दोन मिनिटे उभे राहिले. मग प्रेत ठेवलेली सतरंजी नको म्हणून त्यांनी मला कचऱ्यात टाकले.

तिथून चंद्राबाईने मला उचलले. आता तिच्या अंगणात माझ्यावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळतो. माझ्या अंगाला वास येतो, मान्य आहे. रविवारच्या त्या ज्ञानापेक्षा तो पुष्कळ स्वच्छ आहे.

मित्रांनो, सतरंजी झटकून, ऊन दाखवून ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. तिच्यावर बसून खुशाल देवांची चर्चा करा. पण त्याआधी उंबऱ्याबाहेर बसलेल्याला त्याचे नाव विचारा, आणि तो सांगेल त्याच नावाने त्याला आत बोलवा.