लेहला निघालेलं विमान

बेळगावातल्या वडगावच्या त्या विणकर गल्लीत मरणाची बातमी फोनवर सांगायची पद्धत नाही. माणूस गेलं तरी ‘जरा सिरियस हाय, निघून या’ एवढंच सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं. पुढं विचारायचं नाही. विचारलं तर समोरच्याच्या तोंडून अभद्र वदवून घेतल्यासारखं होतं. गल्लीतल्या लेकी पुण्याहून, गोव्याहून या एका वाक्यावर मिळेल ती बस धरून आल्या आणि कोपऱ्यावर जमलेली माणसं बघून तिथंच मटकन खाली बसल्या.

या कामात महादेवचा हात धरणारा कुणी नव्हता. कुणाच्या घरात काही झालं, की फोन त्याच्याच हातात द्यायचे. तो आवाज हलू द्यायचा नाही, मधेच एखादी इकडची तिकडची चौकशी करायचा, आणि मग हळूच ते वाक्य ठेवायचा. लोक त्याचं कौतुक करायचे आणि त्यालाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला?

वडील गेले तेव्हा त्यानं सख्ख्या धाकट्या भावालाही असंच बोलावून घेतलं. नागराज तेव्हा हुबळीला इंजिनिअरिंग शिकत होता. आला, रडला, आणि दिवस उरकल्यावर म्हणाला, “आण्णा, मी बसमधनं येताना सगळ्या वाटंनं देवाला नवस बोलत आलो. तू मला खरं सांगायला पायजे हुतंस.”

“तशी रीत हाय रं,” महादेव म्हणाला. रीत हा शब्द आला की महादेवचं डोकं चालायचं थांबतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

शिकून झाल्यावर नागराज बेळगावातल्याच एका मोठ्या ठेकेदाराकडं लागला. या ठेकेदाराची कामं सगळ्या देशात, ये-जा करायला स्वतःचं लहान विमानही होतं. लेहच्याही पलीकडं, डोंगरात, एका नदीवर पूल चालला होता. हिवाळ्यात तिथलं काम बंद पडतं. साहेब लोक खाली उतरले. यंत्रांच्या राखणीला कुणीतरी हवं होतं, तर नागराज आपण होऊन थांबला. उन्हाळ्यात लग्नाला लांब रजा मिळावी, हा त्याचा हिशेब. सोबतीला गुंजीचा रवळू होता, क्रेन चालवणारा पोरगा.

जानेवारीतल्या एका सकाळी महादेव मागावर बसला असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. खटखटाटात काही ऐकू येईना, म्हणून त्यानं माग बंद केला. रवळू होता. हुंदके देत बोलत होता.

“आण्णा, नागराज लई सिरियस हाय. लेहच्या दवाखान्यात आणलोय. हितं काय हुईत न्हाय म्हणत्यात, खाली न्यायला पायजे. खाली जायचा रस्ता बर्फानं बंद हाय. रोजच्या इमानात असला पेशंट घेईनात, मालकांचं इमान मिळतंय काय बघा, आनि लगीच या.”

सिरियस हाय. लगेच या. रडणारा माणूस. इतक्या वर्षांत जे वाक्य त्यानं दुसऱ्यांच्या पदरात घातलं होतं, ते आज त्याच्या पदरात पडलं होतं.

“रडू नगंस रं,” तो म्हणाला. “मी बघतो इमानाचं. तू त्याच्यापाशीच ऱ्हा.”

काय झालं, कधी झालं, तोंडाशी आलेलं सगळं त्यानं गिळलं. गुंजीचा पोरगा, आपल्याच मुलखातला, रीत पाळतोय. त्याला कशाला आणखी छळायचं? रवळूचं इकडचं सिमकार्ड तिकडं लडाखात चालत नव्हतं. दवाखान्यातल्या कुणाचा तरी फोन मागून तो बोलत होता, तो त्यानं परत देऊन टाकला.

महादेव आधी भावकीतल्या भरमाआप्पांकडं गेला. “आप्पा, नागराज सिरियस हाय म्हणून फोन आलाय,” एवढंच म्हणाला. भरमाआप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. “लगीन ठरवत हुतो की रं त्येचं,” म्हणाले.

आईला, बायाक्कालाही, त्यानं तेच वाक्य सांगितलं. सगळ्या गल्लीत त्या वाक्याचा सरळ अर्थ घेणारी बायाक्का एकटी निघाली. ती रडत बसली नाही. पदर खोचून उठली आणि ट्रंकेतली लोकरीची शाल काढून आणली.

“चांगला डॉक्टर संगं घे, म्हादेवा. लहानपणापास्नं थंडी बाधती त्येला. आनि ते ऑक्सिजनचं काय असतंय बघ, ते घे. इसरू नगंस.”

“घेतो, आई,” महादेव म्हणाला. त्याला तिची दया आली. शाल त्यानं पिशवीत टाकली आणि टिळकवाडीला ठेकेदाराच्या ऑफिसात गेला.

मालकांच्या विमानाचं सगळं बघायला तिथं प्रियदर्शनी नावाची बाई होती, शेजारच्या शहापूरच्या विणकराचीच मुलगी. तिनं ऐकून घेतलं, मालकांना फोन लावला आणि लगेच नकाशा उघडून बसली. लेह म्हणजे बंगळूर नव्हे, तिनं समजावलं. विमान लहान, एका दमात जात नाही. वाटेत तेल घ्यायचं, चंदीगडला मुक्काम करायचा आणि उजाडताना लेहला उतरायचं. तिथं दुपारी वारं सुटतं, त्यामुळं जे काय ते सकाळी. विमानतळ हवाई दलाचा, त्यांची परवानगी लागते. डोंगरात उतरायला शिकलेला कॅप्टन हवा. तो आपल्याकडं आहे.

“आज दुपारी सांबऱ्याच्या विमानतळावरून निघालं तर उद्या सकाळी तिथं,” ती म्हणाली. “उद्या मालक हैदराबादला जाणार होते, पण पेशंट असेल तर ते जाणार नाहीत, म्हणालेत. पेशंटसाठी परवानगीही लगेच मिळते. डॉक्टर आणि स्ट्रेचरची सोय मी करते.” मग तिचा आवाज खाली आला. “महादेवअण्णा, विचारू नये, पण मला तसं कळवावं लागतं. पेशंट आहे, की...”

“बॉडी,” महादेव म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. तोवर तो रडलाच नव्हता.

“दवाखान्यात कुणाशी बोलणं झालं?”

“आमच्या रवळूचा फोन आलता. सिरियस हाय म्हणला. लगीच या म्हणला.”

प्रियदर्शनीनं मान खाली घातली. दुसऱ्या कुठल्या गावची असती तर तिनं दवाखान्याचा नंबर शोधून फोन फिरवला असता. पण ती शहापूरची होती, तिथंही हीच रीत. तिलाही कळलं.

मग सगळं सावकाश ठरलं. मृतदेहासाठी पोलिसांची आणि डॉक्टरांची कागदं लागतात, ती तयार व्हायला वेळ जाणारच. तेव्हा मालकांनी हैदराबाद उरकून यावं, आणि विमानानं परवा निघावं. डॉक्टर नको, ऑक्सिजन नको. सीटा काढून पेटीला जागा करायची. महादेवनं प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. आता कसली घाई?

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा गल्ली गप्प होती. कुणाच्या घरी मयत झालं, की गल्लीतले सगळे माग बंद ठेवतात. भरमाआप्पांनी कुणाला तोंडानं काही सांगितलं नसेल, पण टोपी काढून ओट्यावर बसलेला म्हातारा लोकांना दिसला होता.

“माग का बंद हाईत रं सगळ्यांचं?” बायाक्कानं विचारलं.

“करंट गेलाय, आई.”

डोक्यावर पंखा फिरत होता. बायाक्कानं पंख्याकडं बघितलं, मग महादेवकडं बघितलं. “डॉक्टर ठरला न्हवं?” तिनं विचारलं. तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत अनोळखी नंबर आला. रवळूच होता, पण आज तो चिडला होता.

“आण्णा, कुठवर आलासा? सकाळपास्नं वाट बघतोय. डॉक्टर माझ्यावर वराडतोय, इमान येणार हाय का न्हाय म्हणून. नागराज तुमाला इचारतोय.”

महादेवला वाटलं, केवढासा पोरगा हा, तरी अजून सांभाळून घेतोय आपल्याला. “व्हय रं बाळा,” तो मायेनं म्हणाला. “येतोय आमी. तू धीर धर.”

“मला कसला धीर देतासा? धरा, त्येच्याशीच बोला.”

काहीतरी खरखरलं. श्वास ऐकू आला, धाप लागल्यासारखा.

“आण्णा.”

महादेवनं फोन कानाला घट्ट दाबला.

“आण्णा, डोस्कं लई दुखतंय रं. ये की लवकर.”

क्षणभर त्याला इतका आनंद झाला की तो हसला. माझा भाऊ जिवंत आहे! आणि लगेच बाकीचं सगळं त्याच्या अंगावर कोसळलं. आज सकाळी विमान लेहला उतरलं असतं. आज दुपारपर्यंत नागराज चंदीगडच्या मोठ्या दवाखान्यात असता. कुणी अडवलं नव्हतं, मालक स्वतः विमान द्यायला बसले होते. नको म्हणणारा तो एकटा होता. “निघालोच रं नागा, हे बघ, निघालोच,” तो ओरडत राहिला, पण फोन कधीच बंद झाला होता.

ऑफिसात तो धापा टाकत शिरला. “जित्ता हाय,” एवढंच त्याला बोलता आलं. प्रियदर्शनीनं दोन्ही हातांत दोन फोन घेतले. मालक बैठक अर्धी टाकून हैदराबादहून परत फिरले. त्यांना दोष देता येत नाही. तिनं आधी दवाखान्याला फोन लावला. डॉक्टर म्हणाला, उंचीवर मेंदूला सूज आलीय, इथं ठेवण्यात अर्थ नाही, खाली उतरवलं तर वाचेल, कालच सांगितलं होतं. महादेव शेजारी उभा राहून ऐकत होता. हे एवढं काल एका फोनवर कळलं असतं.

विमान सांबऱ्यात आलं, डॉक्टर चढला, ऑक्सिजनची नळकांडी चढली, आणि महादेव आईची शाल घेऊन चढला. आयुष्यात पहिल्यांदा तो विमानात बसला होता. खाली वडगाव कुठं, शहापूर कुठं, त्यानं बघितलं नाही. त्यानं कालच्या दिवसाचा विचार केला. काल ऑफिसातून परतताना आपण भरमाआप्पांकडं बसून चहा घेतला होता. पेटी कुठल्या लाकडाची असावी यावर बोललो होतो. त्या वेळी नागराज दाराकडं डोळे लावून पडला होता.

चंदीगडला सकाळी कॅप्टननं चौकशी केली. लेहला बर्फ पडत होतं. डोंगर दिसत नव्हते. थांबावं लागेल, तो म्हणाला. महादेव त्याच्यामागं मागं फिरला, त्याचे पाय धरायला वाकला. कॅप्टननं त्याला उठवलं. “दिसत नाही तिथं उतरता येत नाही हो,” तो म्हणाला. “काल आकाश स्वच्छ होतं.”

महादेव खुर्चीवर जाऊन बसला. नवस बोलावा म्हणून त्यानं हात जोडले, पण कुठल्या तोंडानं बोलायचं ते त्याला कळेना. देवानं भाऊ जिवंत ठेवला होता आणि यानं त्याला मेलेला समजून पेटी सांगितली होती. देवाकडं आता आणखी काय मागायचं?

दुपार व्हायच्या आत फोन आला. रवळूनं या वेळी काहीच झाकलं नाही.

“आण्णा, नागराज गेला.”

बर्फ थांबल्यावर विमान लेहला गेलं आणि नागराजला घेऊन सांबऱ्याला परत आलं. विमानतळाबाहेर अर्धी गल्ली लोटली होती. भरमाआप्पांनी महादेवला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “भावासाठी इमान घिऊन गेला लेक. ह्येच्या म्होरं माणसानं काय करायचं?” प्रियदर्शनी बाजूला उभी होती. महादेवनं तिच्याकडं बघितलं, तेव्हा ती तोंड फिरवून रडायला लागली.

राख सावडून आल्यावर बायाक्कानं त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. दार ओढून घेतलं.

“तुझ्यासंगं बोलला काय रं त्यो शेवटचं?”

काहीतरी सांगून वेळ मारून नेणं महादेवला अवघड नव्हतं. जन्मभर तेच करत आला होता. आईला सांभाळ म्हणाला, असं सांगितलं असतं तर म्हातारीनं ते उराशी धरून उरलेले दिवस काढले असते. पण त्याचा आवाज प्रथमच हलला, आणि एकदा हलला तो थांबला नाही. त्यानं सगळं सांगितलं. रवळूचा फोन, न विचारलेले प्रश्न, ऑफिसात बोललेला तो शब्द, रद्द केलेला डॉक्टर, ये की लवकर म्हणालेला नागराज.

“मी त्येला मेलेला समजलो, आई.”

बायाक्का चुलीपाशी बसून ऐकत होती. ती ओरडली नाही, त्याला मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“आनि कुणाला सांगितलंस ह्ये?” तिनं विचारलं.

“न्हाय.”

“सांगू नगंस. लोकं तुला जगू द्यायची न्हाईत.”

त्याला वाटलं, आईनं पदरात घेतलं. त्यानं तिच्या पायावर डोकं ठेवायला हात पुढं केले. बायाक्कानं पाय मागं घेतले आणि उठून बाहेर गेली.

बाहेर शहापूरहून, खानापूरहून माणसं भेटायला आली होती. ती त्यांच्यात जाऊन बसली. “म्हादेवानं लई केलं वो भावासाठी,” ती मोठ्यानं सांगत होती. “इमान घिऊन गेलता. डॉक्टर संगं न्हेला, ऑक्सिजन न्हेला. देवालाच नगं हुतं.” आलेले लोक महादेवकडं बघून माना हलवत होते.

नवीन माणूस आलं, की ती परत पहिल्यापासून सांगायची. महादेवशी मात्र ती त्या दिवसापासून बोलली नाही.