हापशाची साखळी

संपादकांचं पत्र तातेराव मास्तरांनी तीनदा वाचलं. कथा दिवाळी अंकात घेतो, असं लिहिलं होतं; पण नायिका पटत नाही म्हणे. 'लहानपणी विहिरीत पडलेली ही मुलगी जन्मभर विहिरीला भिते. सासरच्या मळ्यात विहीर असून गावातल्या हापशावर रांगेत उभी राहते. तीच एका पहाटे एकटी विहिरीवर पाण्याला जाते आणि पाय घसरून मरते? माणसाचा स्वभाव असा मध्येच बदलत नाही. एक तर तिची भीती काढा, नाही तर शेवट बदला.'

नायिका कुठली आलीय! ती मास्तरांची धाकटी बहीण बेबीनंदा. सहा वर्षांमागे, शहाऐंशी साली, राजूरकडच्या एका खेड्यात सासरच्या विहिरीत सापडली. नवऱ्यानं, सर्जेरावानं, तिला ढकललं हे मास्तरांना तेव्हाच कळलं होतं. कळून ते गप्प बसले, कारण साटंलोटं. एकाच मांडवात बेबीनंदा सर्जेरावाला दिली आणि सर्जेरावाची बहीण कौसल्या मास्तरांनी केली. तिकडचं घर मोडलं की इकडचं मोडणार. कौसल्याला माहेरचे ओढून नेणार, दोन लेकरांची आबाळ होणार.

संपादकांचा प्रश्न त्या दिवशी पंचनाम्याला आलेल्या जमादारानंही विचारला होता.

"गावात हापसा असून बाई विहिरीवर काहून आल्ती?"

पंचांनी सर्जेरावाकडे पाहिलं. सर्जेरावानं मास्तरांकडे. तिथं शिकलेला माणूस एकच होता.

"हापशाची साखळी तुटल्ती साहेब," मास्तर म्हणाले.

जमादारानं लिहून घेतलं, खाली मास्तरांची सही घेतली. हापसा पाहायला कोणी गेलं नाही. मास्तरांची ती पहिली कथा, आणि लगेच पटली!

निदान कागदावर तरी बहिणीला न्याय द्यावा, म्हणून ही दुसरी कथा लिहायला घेतली होती. शेवटाशी आले आणि बेबीनंदाचा पाय पुन्हा घसरला. आता संपादक स्वतःच म्हणत होते, शेवट बदला. मास्तरांनी पेन उघडलं.

चहा ठेवता ठेवता कौसल्यानं पत्र वाचलं. सातवी शिकलेली बाई ती.

"खरं लिहून राह्यले का?"

"लिहावं म्हणतो."

"लिहा. मला काय ठाऊक न्हाई का? पण भाऊ मला न्यायला आला, की लेकरं कोणापाशी राहतील तेबी लिहून ठेवा."

ती रागावली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, आणि तेच मास्तरांना सोसवेना. त्यांनी चहा गार होऊ दिला. मग मधल्या पानावर एक ओळ घातली: 'त्या दिवशी हापशाची साखळी तुटली होती.'

आठ दिवसांत कार्ड आलं. 'आता नायिका अगदी जिवंत वाटते.'

अंक आला तो भाऊबिजेच्या सकाळी. मास्तरांची आई सोनूबाई हिला अक्षर येत नव्हतं, पण पोरीची गोष्ट छापून आली हे तिच्या कानावर गेलंच. ती ओसरीत भिंतीला टेकून बसली. "वाच तात्या."

मास्तर वाचू लागले. पोर विहिरीत पडते ते वाचलं, मळ्यातली विहीर दिसू नये म्हणून हापशाकडे जाताना डोळ्यांवर पदर ओढते ते वाचलं. "बराबर. आस्संच करायची," म्हातारी म्हणत होती. डोळे पुसत होती, हसतही होती. मग साखळीची ओळ आली आणि ती हसायची थांबली.

"साखळी कवा तुटल्ती?"

"त्याच दिवशी, माय."

"न्हाई रे बाबा. आपून गेलो, तवा तिला विहिरीचं पाणी लावू नका म्हनले मी. मीच हापसून दोन घागरी आणल्या. त्याच पाण्यानं तिला शेवटची न्हाऊ घातली. तू तिथंच उभा व्हता की."

चुलीपाशी कौसल्या भांडी घासत होती, ती थांबली. मास्तरांनी पानावर बोट ठेवलं होतं, ते काही उचललं नाही.

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"वाच ना," ती म्हणाली. "अजून काय काय लिवलं तू, ते ऐकू दे."