पुलाच्या अलीकडे राहिलेला कुत्रा

मी कुत्रा बोलतोय. पण दारात भुंकणारा नव्हे, पडद्यावरचा. संगणकावरच्या एका साहसी खेळात माझं घर आहे. चित्रकाराने माझा एक कान उभा आणि एक पडका ठेवला, कारण दोन्ही उभे केले की मी लांडगा वाटायचो. गोष्ट लिहिली एका लेखिकेने. डोंगरात हरवलेल्या भावाला शोधणारी बहीण, आणि तिला वाट दाखवणारा मी.

मी खुशीत होतो. हुंगायचं, भुंकायचं, पुढे पळायचं. का पळायचं, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग लेखिकेने खेळ तपासायला घरी नेला. स्वयंपाक उरकेपर्यंत म्हणून तो सासूबाईंच्या हाती दिला. त्यांनी आधी बहिणीला कितीदा तरी दरीत पाडलं. हळूहळू हात बसला आणि नदीवरचा पूल आला. बहीण पलीकडे पोचली, पूल कोसळला, मी अलीकडेच राहिलो. पुढच्या प्रसंगात बघावं तर मी किल्ल्याच्या दारात शेपूट हलवत उभा!

"अगं, इकडे ये बघू," सासूबाईंनी हाक मारली. "हा मागे राहिला होता ना? उडून आला की काय?"

"आई, खेळ आहे तो. एवढं कोण बघतं?"

"मी बघितलं ना! आणि हा हिच्यासाठी जीव तोडून का धावतोय? हिने त्याला एकदा गोंजारलंसुद्धा नाही."

लेखिका पोळी तव्यावरच टाकून पडद्याजवळ आली. मीही पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, खरंच, का?

दुसऱ्या दिवशी कार्यालयात तिने हे साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "कुत्राच काढून टाका. भानगडच नको."

मी शेपूट पायांत घालून बसलो.

"थोडा वेळ द्या," ती म्हणाली. "मी त्याला कारण देते."

संध्याकाळी ती सासूबाईंशेजारी बसली. "आई, कुत्रा एवढा कुणासाठी धावेल?"

"धन्यासाठी. तो भाऊच याचा धनी असू दे. हिच्या अंगावर भावाचा कोट घाल, म्हणजे वासाने मागे येईल."

"आणि पूल?"

"पोहून येईल. हिला काठावर थांबू दे."

"खेळणारे कंटाळतील हो."

"बघ तर करून."

तसंच झालं. नवा खेळ साहेबांनी स्वतः खेळून पाहिला. काठावर बहिणीला उभं करून ते घड्याळाकडे बघत बसले. पण पुढे जायचं बटण काही त्यांनी दाबलं नाही. मी गटांगळ्या खात काठाला लागलो तेव्हा साहेब ओरडले, "आला, आला!" सगळं कार्यालय वळून बघायला लागलं. मला काढायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

सासूबाई सध्या किल्ल्यातल्या पहारेकऱ्यापाशी अडल्यात. "एवढ्या मोठ्या किल्ल्यात हा एकटाच का राहतो गं? याला घरचं कुणी नाही?" लेखिका खुर्ची ओढून जवळ बसते. मी बहिणीच्या पायाशी पडून ऐकतो.

तुम्हीही खेळायला आलात, तर असंच काहीबाही विचारत जा. आमच्यातल्या कितीतरी जणांना अजून आपलं कारण सापडायचं आहे.