कढईत गोठलेलं तेल

भागूबाईंना दोन गोष्टींचा अभिमान होता: गळ्यातल्या तुळशीच्या माळेचा आणि तोंडातल्या जिभेचा. माळ घालून छत्तीस वर्षं झाली होती. त्या छत्तीस वर्षांत मटणाचं सोडाच, अंड्याचं टरफलही त्यांच्या उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. आणि जिभेचं म्हणाल, तर भजं मोडून तोंडात टाकलं की तेल कोणतं ते आपण सांगतो, असं त्या अजिंठ्यात आल्यागेल्याला ऐकवत. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते, पण भागूबाईंना खोटं पाडायला पुढं कोण होणार?

त्या वर्षी संक्रांतीला त्या औरंगाबादेत मुलाकडं, रामकिसनकडं आल्या. क्रांती चौकामागं त्याची दोन खोल्यांची जागा होती. दरवर्षी त्या घरच्या करडीच्या तेलाचा डबा घेऊन यायच्या. गेल्या हंगामात करडीवर मावा कीड पडली, म्हणून यंदा डबा आला नाही. जुन्या डब्यात अजून तेल असेल, असं त्या धरून चालल्या होत्या. तो डबा दिवाळीतच संपला होता. सून सरू आता रेशनवर नवीनच मिळू लागलेल्या पामतेलात तळण करत होती.

संक्रांतीला तिनं कांद्याची भजी केली. भागूबाईंनी पहिलं भजं मोडलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "याला म्हणत्यात करडी! शहरातल्या तेलाला अशी चव यायची नाय."

सरू सांगणारच होती, पण तिचं तोंड उघडलं तसंच मिटलं. सांगितलं तर सासूची जीभ खोटी पडणार, नाही सांगितलं तर लपवल्याचा ठपका येणार. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. तिनं पुढचा घाणा कढईत सोडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हाडं गोठवणारी थंडी होती. भागूबाई चुलीशी गेल्या, कढईवरचं ताट सारलं आणि जागच्या जागी थिजल्या. कढईतलं तेल पांढरं, घट्ट झालं होतं. बोट लावलं तर बोटाचा ठसा उठला.

"सरे! हे काय गं?"

"रेशनचं तेल हाय, आत्याबाई. पामतेल."

"तेल कुठं असं थिजतं? ही चरबी हाय चरबी!"

तुपातेलात चरबी मिसळतात, अशी आवई तेव्हा गावोगाव उठलेली होती. भागूबाईंनी ती पुरेपूर ऐकली होती. "माळ बुडवलीस माझी," एवढंच त्या म्हणाल्या आणि कोपऱ्यात घोंगडीवर जाऊन बसल्या.

त्या बसल्या त्या बसल्याच. कोरा चहा सोडून पोटात काही घेईनात. शनिवारी गावी जायचं, ज्या बुवांनी माळ घातली त्यांच्या हातात ती परत ठेवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. बुवा काही बोलले नसते. पण भजनाला पुढच्या रांगेत बसायची सवय झालेल्या बाईनं मोकळा गळा घेऊन दाराशी बसायचं! त्या विचारासरशी त्यांचा हात आपोआप माळेकडं जाई. रामकिसन म्हणाला, "आई, निम्मं शहर हेच तेल खाऊ लागलंय," आणि सायकल काढून कामावर गेला. आईची समजूत काढण्यापेक्षा साहेबाची काढणं त्याला सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची वहिदा अंगणातल्या कमरेएवढ्या भिंतीशी आली. सरूचे सुजलेले डोळे बघून तिनं तिच्या तोंडून सगळं काढून घेतलं आणि तिथूनच हाक दिली, "मावशी, चरबीचं मला विचारा ना! माझ्या माहेरी साबणाची भट्टी हाय. चरबी बघतच मी मोठी झाले."

भागूबाई नाइलाजानं बाहेर आल्या.

"भजी गार झाल्यावर खाल्ली होती का?"

"दोन उरली व्हती, ती खाल्ली."

"टाळूला चिकटली? ओठावर मेण बसल्यासारखं झालं? चरबीत तळलेलं गार झालं की तसं होतं. वनस्पती तुपाचं बी थोडं होतं. शेंगदाण्याच्या तेलाचं नाय होत."

"नाय चिकटली. पण माझ्या जिभेचं आता नाव काढू नको," भागूबाई म्हणाल्या. आपली जीभ चुकते, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कबूल केलं असेल.

"मग जिभेला राहू द्या. डोळ्यांनी बघा."

संध्याकाळी भिंतीच्या अलीकडं पाच वाट्या मांडल्या गेल्या: रेशनचं पामतेल, शेंगदाण्याचं तेल, वनस्पती तूप, भागूबाईंनी गावाहून आणलेलं म्हशीचं तूप आणि डोक्याला लावायचं खोबरेल. सहावी वाटी वहिदानं भिंतीच्या पलीकडं, आपल्या अंगणात ठेवली. "ही भट्टीवरची चरबी. तुमच्या अंगणात नाय आणत, मावशी. तिकडूनच बघा."

सकाळी शेंगदाण्याचं तेल सोडून सगळ्या वाट्या गोठलेल्या होत्या.

"बघ, चरबीवानीच झालं!" भागूबाईंचा आवाज फाटला.

"खोबरेल बी झालं की. त्यात चरबी हाय का? थांबा, ऊन येऊ द्या."

ऊन भिंतीवरून उतरलं आणि वाट्यांवर आलं. भागूबाई उकिडव्या बसून राहिल्या, डोळ्यांची पापणी हलू न देता. थोड्याच वेळात पामतेलाच्या कडा सुटल्या, मध्ये पांढरा ढग उरला आणि बघता बघता तोही विरला. वाटीत पिवळं, नितळ तेल हललं. खोबरेल अजून तसंच होतं. ते सावकाश सुटलं. मग म्हशीचं तूप कडेनं ओलावलं. वनस्पती तूप नुसतं मऊ पडलं. भागूबाईंनी भिंतीपलीकडं मान काढून बघितलं. चरबी दगडासारखी घट्ट होती. वहिदानं वाटी उपडी करून दाखवली, तरी खाली आली नाही.

"हे तर खोबरेलाच्या बी आधी इतळलं," भागूबाई पुटपुटल्या.

"हौ मावशी. चरबी असती तर दुपारपर्यंत जागची हलली नसती. झाडाच्या फळाचं तेल हाय ते. थंडी वाजते त्याला बी, आपल्यासारखी."

भागूबाईंच्या जिवात जीव आला. दोन दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून नेला, असं त्यांना झालं. माळ मुठीत धरून त्या भिंतीला टेकल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. हसतानाच त्यांना सपाटून भूक लागली.

"सरे, कढई ठेव! त्याच तेलात भजी कर. लई भूक लागली मला."

सरूनं अंगणातच शेगडीवर कढई ठेवली. पहिला घाणा परातीत पडला तसं भागूबाईंनी भजं उचललं. तेवढ्यात वहिदा भिंतीवरून म्हणाली, "मावशी, पहिलं तिला द्या. परवापासून तिच्या बी पोटात काय नाय."

"काय म्हणायलीस?"

"सासू उपाशी, म्हणून ती बी उपाशी. मी भाकरी आणली तरी खाल्ली नाय."

भागूबाईंनी सरूकडं बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच बघितलं. पोरीचे गाल आत गेले होते, झारा तिनं दोन्ही हातांनी धरला होता. स्वतःच्या माळेपायी त्यांनी घरात दुसरं कुणी जेवलं का, हे विचारलंसुद्धा नव्हतं. भागूबाईंना तोंड कुठं लपवावं ते कळेना.

त्यांनी सरूच्या हातातला झारा काढून घेतला, तिला पाटावर बसवलं आणि भजं फुंकून तिच्या तोंडाशी धरलं.

"आत्याबाई, आधी तुम्ही..."

"खा," भागूबाई म्हणाल्या. "तू खाल्ल्याबिगर माझ्या घशाखाली उतरायचं नाय."