झाकण मार्चमध्ये

रीळ दोन

सुलभाकाकूंनी झाकणांचं खोकं मागे सरकवलं आणि त्याच्यापुढे स्वतः उभ्या राहिल्या.

"काकू, आत्ताच द्या ना झाकण," सई म्हणाली. "घरी नोव्हायपर्यंत तासभर ड्राइव्ह करायचंय, यार."

"सिनेमा संपल्यावर."

"अर्धा तर बघितला आम्ही."

"मग अर्धंच झाकण देऊ?"

सई वळून आत गेली. संगमरवरी जिन्यावर रेंगाळणाऱ्या आणखी तिघीही तिच्यामागून गेल्या.

रीळ एक (चुकून नंतर लागलं)

डेट्रॉइटजवळचं जुनं थिएटर. पंधराशे खुर्च्या, सोनेरी खांब, लॉबीच्याही छतावर रंगवलेलं आकाश. जानेवारीत महाराष्ट्र मंडळाने तिथे मराठी सिनेमा लावला तेव्हा एकतीस माणसं आली. म्हाताऱ्या मॅनेजरने बजावलं: यापुढे एकदा जरी दोनशेच्या खाली गेलात, तर तुमचा महिन्याचा रविवार बंद. म्हणजे पुन्हा लायब्ररीचं तळघर आणि घडीच्या खुर्च्या.

जाता जाता त्यानेच सांगितलं, की तीसच्या दशकातल्या मंदीत हे थिएटर दर आठवड्याला बायकांना एकेक बशी द्यायचं. सेट पुरा करायचा तर सिनेमा चुकवून चालायचं नाही. त्याच्या आईने असे चाळीस सिनेमे पाहिले. गोष्ट एकाचीही आठवत नव्हती.

मंडळाचे सिनेमे ठरवणाऱ्या सुलभाकाकूंना हळदीकुंकवाचं वाण आठवलं. फेब्रुवारीत प्रत्येक तिकिटामागे स्टीलचा एक डबा. झाकण मार्चमध्ये.

फेब्रुवारीत माणसं दोनशे चार.

रीळ तीन

मार्चमध्ये दोनशे एकोणीस. सिनेमा संपला, झाकणं वाटून झाली. शोभनाताई घरून डबा घेऊनच आल्या होत्या. त्यांनी तिथेच झाकण लावून पाहिलं. ते टण्णकन डब्याच्या आत पडलं.

"सुलभा, हे बसत नाहीये."

लॉबीतल्या माना तिकडे वळल्या. काकूंचे यजमान विनयराव, ज्यांनी पुण्याहून तीन बॅगा भरून ही झाकणं आणली होती, ते छतावरचं आकाश बघू लागले.

काकूंनी झाकण बाहेर काढलं, उलटसुलट करून पाहिलं.

"बसेल कसं? हे एप्रिलच्या डब्याचं आहे."

"आणि माझ्या डब्याचं?"

"मेमध्ये."

शोभनाताईंनी डबा पर्समध्ये घातला, झाकणही घातलं. सईने डायरी उघडली.

"काकू, मेचा शेवटचा रविवार नको हं. लाँग वीकेंड आहे."

पार्किंगमध्ये रिकामं खोकं गाडीत ठेवताना विनयराव हळूच म्हणाले, "अगं, पण माप तर तूच लिहून दिलं होतंस."

"मीच," काकू म्हणाल्या आणि डिकी लावली.